घरच्या पैशांचं बटण

मित्रांनो, मी बँकेचं एक जुनं कार्ड आहे आणि स्वभावाने महाघाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, याचं आपलं सारखं काय चाललंय? काय करू, मला कुणी यंत्रात सरकवलं की माझ्या चिपला घाम फुटतो. खात्यात पुरेसं असेल ना, बाईंना पिन आठवेल ना, यंत्र मला गिळून तर टाकणार नाही ना, एक ना दोन, शंभर शंका. माझा एक कोपरा उकललाय, पाठीवरची सही पुसट झालीय, आणि या महिनाअखेर माझी मुदत संपते. त्याच्या आत एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या एका मोठ्या तावातून आम्ही भावंडं एकदमच कापली गेलो. कुणी माझ्या अंगात चिप बसवली, कुणी पाठीवर काळी पट्टी ओढली, आणि शेवटी एका यंत्राने धाडधाड सोळा आकडे उठवले. मग मला एका पाकिटात घातलं. त्या पाकिटात माझ्याबरोबर एक घडीचा कागद होता, दोन्ही बाजूंनी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेला. कार्ड कुठे वापरलं तर किती पैसे कापले जातील, परदेशात काय होईल, सगळं त्याच्यात होतं. बिचारा चांगला होता, पण त्याच्याशी बोलायला कुणालाच वेळ नसतो.

मी ज्यांच्या हाती पडलो त्या बाई पुस्तकबांधणीचं काम करायच्या. सगळी गल्ली त्यांना बाइंडरबाई म्हणायची. एका खोलीचा कारखाना, खिडकीजवळ लांब टेबल, कोपऱ्यात चाक फिरवून दाब देणारं यंत्र, आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. बाई एकट्याच राहायच्या आणि एकट्याच काम करायच्या. घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, जुळवायच्या, दोऱ्याने शिवायच्या, पाठीला खळ लावायच्या, पुठ्ठा चढवायच्या. आयुष्यभर हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वाचत बसले तर शिवणार कधी? मी आपला पानाचा आकडा बघते. एकानंतर दोन, दोनानंतर तीन. मजकूर ज्याचा त्याने वाचावा."

ही सवय नीट लक्षात ठेवा मित्रांनो, कारण सगळं रामायण तिनेच घडवलं.

माझ्याबरोबर आलेल्या त्या कागदाचं बाईंनी काय केलं असेल? उलटसुलट करून पाहिला, कागद बरा जाड आहे म्हणाल्या, आणि त्याची पट्टी कापून एका हिशेबाच्या वहीच्या पाठीत अस्तर म्हणून चिकटवून टाकली! मी टेबलावरून बघतोय. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

तसे माझे दिवस मात्र चांगले गेले. बाईंनी उरलेल्या कातड्यातून मला एक छोटी म्यान शिवली. मी दोरा आणला, पुठ्ठा आणला, विजेचं बिल भरलं. कागदाच्या दुकानदाराला बाई अभिमानाने म्हणायच्या, "माझं कार्ड कधी दगा देत नाही हं." तेव्हा मला किती बरं वाटायचं! पुढे दुकानदार रोख मागायला लागला, गिऱ्हाईकही रोखच द्यायला लागलं, आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. सुया, मेण आणि तुटकी पट्टी यांच्या शेजारी मी दोन वर्षं पडून होतो. वाईट वाटायचं, पण खरं सांगू, भीती कमी वाटायची.

मग एके सकाळी फोन वाजला. बाईंची ताई परदेशात राहायची, लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. भाऊजी वारले, मूलबाळ नाही. तिचा खुबा निकामी झाला होता आणि ऑपरेशन ठरलं होतं. ताई फोनवर हसत हसतच सांगत होती, पण बाईंचा दोरा ओवायचा हात तसाच हवेत राहिला.

"मी येते," बाई म्हणाल्या.

"वेडी आहेस का? एवढा खर्च? इथे नर्स असतात गं."

"नर्स असू देत. तू पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा तुझा हात मी धरणार. मला चालायला कुणी शिकवलं? तूच ना? मग आता गप्प बस."

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटतं रडत असावी.

बाईंनी साठवलेलं सगळं माझ्या खात्यात आणून टाकलं. जायचं-यायचं तिकीट काढलं, पंधरा दिवसांचं. तिकीटवाल्याने बजावलं होतं की परतीची तारीख पुढे ढकलायची झाली तर वरून इतके पैसे पडतील. बाईंनी तोही आकडा एका चिठ्ठीवर लिहून माझ्या म्यानेत घातला आणि तेवढी रक्कम खात्यात वेगळी धरून ठेवली. "हिला हात लावायचा नाही," असं स्वतःलाच म्हणाल्या. बँकेतल्या कारकुनाने परदेशासाठी मला सुरू करून दिलं आणि विचारलं, "बाई, तिकडच्या शुल्काची कल्पना आहे ना?" बाई म्हणाल्या, "हो हो, कागद आला होता." खोटं नव्हतं ते. कागद आला होता, आणि कुठल्याशा वहीच्या पाठीत झोपला होता.

विमानतळावरच माझा पहिला धसका. एका काचेच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पैसे बदलून मिळतील, कमिशन शून्य. बाई खूश झाल्या. शून्य हा आकडा त्यांना लगेच दिसला. पण खाली लिहिलेला भाव कुठे पाहिला? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! कमिशन नव्हतं, कारण भावातच हात मारून घेतला होता. थोडेच पैसे बदलले म्हणून थोडक्यात निभावलं. बाई हसऱ्या तोंडाने नोटा मोजत बाहेर आल्या आणि मी म्यानेत तळमळत राहिलो.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन लहान खोल्या. दारातच तिने काठी टेकवून बहिणीला मिठी मारली आणि म्हणाली, "किती वाळलीस गं!" बाई म्हणाल्या, "तू स्वतःला आरशात बघ आधी." अशी दोघींची भेट झाली. आल्या आल्या ताईने एक सूचना केली, "तुझा फोन बंदच ठेव. इथे चालू केलास की बिल येतं." बाईंनी तो तत्काळ बंद केला. झालं! पैसे कापल्याचे जे संदेश बँक पाठवते, तेही त्यात बंद झाले. आता खात्यात काय चाललंय हे फक्त मला ठाऊक होतं, आणि देवाने मला तोंड दिलेलं नाही.

ताईच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाशेजारी भिंतीत एक एटीएम होतं. बाईंची काटकसर तुम्हाला सांगतो. जवळ जास्त पैसे ठेवले तर चोरीला जातील, जास्त खर्च होतील, म्हणून लागतील तेवढेच काढायचे. आज दूध आणि ब्रेडपुरते. परवा बसच्या पासापुरते. पुन्हा ताईच्या गोळ्यांपुरते. घरी असतं तर शाबासकीच द्यायची अशी रीत. पण इथे प्रत्येक खेपेला, थोडे काढा नाहीतर खूप काढा, माझी बँक आपलं ठरलेलं शुल्क घ्यायची आणि ते भिंतीतलं यंत्र आपलं वेगळं भाडं घ्यायचं. बाईंच्या भाषेत सांगायचं तर एका खेपेला दोन जाड वह्यांची मजुरी गेली. दिवसभर शिवून, खळ लावून, दाबून बाई दोन वह्या तयार करणार, आणि यंत्र त्या क्षणात गट्ट करणार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

आणि ते बटण. अहो, ते बटण आठवलं की अजून माझा थरकाप होतो.

पैसे देण्याआधी यंत्र विचारायचं, तुमच्या खात्यातून घरच्या पैशांत कापू की इथल्या पैशांत? दोन बटणं, दोन आकडे. इथल्या पैशांचा आकडा बाईंना परका वाटायचा. घरच्या पैशांचा आकडा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. कळतंय तरी किती गेले ते! म्हणून दर खेपेला घरच्या पैशांचं बटण. पण मित्रांनो, त्या आकड्याखाली एक बारीक ओळ असायची. हा भाव यंत्रवाल्याने स्वतः ठरवला आहे, त्यात त्याचा नफा धरलेला आहे, असं ती सरळ सांगायची. इथल्या पैशांचं बटण दाबलं तर भाव त्या यंत्राच्या हातात राहत नाही आणि बरेच कमी कापले जातात. बाईंनी ओळ पाहिली नाही असं नाही. त्यांनी आकडा पाहिला, आणि ओळ म्हणजे मजकूर.

दुकानातही तेच. औषधवाल्याने पुढे केलेल्या छोट्या यंत्रावर तेच दोन आकडे, आणि बाईंचं बोट न चुकता घरच्या पैशांवर. मी आतल्या आत ओरडत होतो, बाई, दुसरं, दुसरं! मी सगळा जोर लावला. एकदा चिप नीट टेकली नाही तेव्हा मला वाटलं, आता तरी थांबतील. त्यांनी मला पदराला पुसलं आणि पुन्हा घातलं.

चौथ्या दिवशी ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, डॉक्टर आजारी आहेत, तारीख पुढे जाईल. मग रक्त तपासलं, त्यात काहीतरी निघालं, पुन्हा गोळ्या, पुन्हा वाट. शेवटी जी तारीख मिळाली तो मंगळवार होता, आणि बाईंचं परतीचं विमान त्याच्या आधीच्या शनिवारी. डॉक्टर म्हणाले, "चौथ्या दिवशी, म्हणजे पुढच्या शनिवारी, उभं करू. पहिली पावलं अवघड असतात. जवळचं माणूस असलं तर बरं."

ताईचा चेहरा एवढासा झाला. "तू जा गं. होईल माझं."

"जा म्हणे! त्या शनिवारनंतरच्या सोमवारचं तिकीट करते. पैसे ठेवलेत मी त्याचे," बाई म्हणाल्या आणि खुशाल चहा ठेवायला उठल्या. ताई लहान मुलीसारखी हसली.

आणि मी? मी म्यानेत पडून हिशेब करत होतो. अकरा वेळा पैसे काढले, प्रत्येक खेपेला दोन वह्या. वरून त्या बटणाचा नफा. जी रक्कम बाईंनी हात न लावता ठेवली होती, तिला रोज दोन बोटं लागत होती. चिठ्ठीवरचा आकडा तसाच होता, पण खात्यातला नव्हता. दोन रात्री माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

विमान कंपनीच्या कचेरीत बाई एकट्याच गेल्या. ताईला सांगितलं, तू दगदग करू नकोस. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिची भाषा बाईंना तोडकीमोडकी यायची, पण मुलगी सावकाश बोलत होती. तिने पाहून सांगितलं, गुरुवारी एक जागा आहे, बदलायला कमी पडतील. सोमवारीही एक आहे, त्याला जास्त पडतील. बाईंनी चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. मुलीने तो इथल्या पैशांत मांडून पाहिला, आकडा जुळला. "सोमवार," बाई म्हणाल्या.

मुलीने यंत्र पुढे केलं. मला आत सरकवलं. दोन आकडे आले. बाईंचं बोट घरच्या पैशांवर गेलं. मला पापण्या असत्या तर मी डोळे मिटले असते.

यंत्राने नकार दिला.

"पुन्हा एकदा करा ना," बाई म्हणाल्या. "माझं कार्ड कधी दगा देत नाही." मित्रांनो, हे वाक्य ऐकताना मला काय झालं ते कसं सांगू? लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी यंत्राकडे बघत म्हणाली, "बाई, तुम्ही घरचे पैसे निवडलेत. इथले निवडा, कमी कापले जातात. खाली लिहिलंय बघा."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बारीक ओळ वाचली. एकेक शब्दावर बोट ठेवून वाचली.  वाचून झाल्यावर त्यांचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं. आता मलाही आशा वाटली. फरक बराच होता. मी आत जाऊन खात्याच्या पायाशी लोळण घेतली म्हणा ना. पण तरी नऊ वह्या कमी पडल्या. फक्त नऊ! भिंतीतल्या त्या यंत्रापाशी अकराच्या ऐवजी दोनच वेळा गेलो असतो, तर नऊ वह्या देऊन वर उरल्या असत्या.

पुन्हा नकार.

बाईंनी पर्स उलटी केली. चार नोटा आणि चिल्लर निघाली. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "इथे रोख घेत नाहीत हो. कुणाकडून मागवता येतील का?" मागवणार कुणाकडून? ताईचे होते नव्हते ते दवाखान्यात भरलेले. घरी कुलूप. मागे रांगेत एक माणूस घड्याळ बघत उभा होता. बाईंनी नोटा गोळा केल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारचं द्या."

या वेळी त्यांनी इथल्या पैशांचं बटण दाबलं आणि पैसे गेले. पावती सुरसुरत बाहेर आली. एवढं सरळ काम माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि एवढं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

ताईने विचारलं, "गुरुवार का गं? सोमवार म्हणाली होतीस."

"भरलं होतं," बाई म्हणाल्या. "सगळी विमानं भरलेली. मेली, काय गर्दी असते!"

मंगळवारी ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर ताईने डोळे न उघडताच विचारलं, "आहेस ना?" बाई म्हणाल्या, "आहे." बुधवारी बाईंनी तिचे केस विंचरले, पायाला तेल लावलं, सूप भरवलं.  गुरुवारी सकाळी बाई निघाल्या तेव्हा ताई पलंगावर आडवीच होती. तिने हसून हात हलवला आणि दार लोटलं गेल्यावर भिंतीकडे तोंड केलं. दाराच्या काचेतून बाईंनी ते पाहिलं. पर्समध्ये मीही होतो.

घरी आल्यावर शनिवारी बाई टेबलाशी बसून फर्मे शिवत होत्या. पोस्टमन बँकेचं पाकीट टाकून गेला. बाईंनी ते फोडलं. सवयीने शेवटचा आकडा पाहतील आणि बाजूला ठेवतील असं मला वाटलं. पण त्यांनी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. काढलेले पैसे. शुल्क. भाडं. पुन्हा काढलेले पैसे. पुन्हा शुल्क. अकरा वेळा. मधेच एकदा त्या म्हणाल्या, "अगं बाई गं!" आणि पुढे वाचत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा आवाज नुसता फुटत होता.

"अगं, चालले मी! सात पावलं! पलंगापासून खिडकीपर्यंत!"

"पडली नाहीस ना?"

"छे! पहिल्यांदा तोल गेला. हात पुढे केला मी, कुणाचा तरी सापडला. नर्स होती. नाव पण माहीत नाही तिचं. चांगली होती पोरगी."

बाईंच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात तो कागद. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं गं ताई." फोन ठेवून झाल्यावर त्यांनी दोरा उचलला, पण सुईत ओवता येईना. तीनदा प्रयत्न केला आणि तशाच बसून राहिल्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी परदेशी निघालं, तर त्यांना माझी आठवण करून द्या. निघण्याआधी बँकेत जाऊन विचारा, तिकडे किती कापतात, कमी कापणारं दुसरं कार्ड मिळतं का. रोज थोडे थोडे काढू नका, लागणारे अंदाजाने एकदोनदाच काढा आणि नीट सांभाळा. यंत्राने विचारलं तर तिथल्याच पैशांचं बटण दाबा, आकडा परका वाटला तरी. आणि बारीक अक्षरांना घाबरू नका, ती वाचा. आमची काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. आम्हाला महिनाअखेर कात्री लागायचीच असते. पण आमच्यातून जे जातं ते नुसते पैसे आहेत असं समजू नका. त्या शनिवारी खिडकीपाशी ताईच्या हातात जो हात असायला हवा होता, तो मी तिथवर पोचवू शकलो नाही.